तेराव्या महिन्यात दिलेलं नाव

माझ्या मामाला गिऱ्हाइकं रेडिओ म्हणायची. त्याचं सलून म्हणजे दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं, एवढंच. पण त्या बाकड्यावर केस कापायचे नसलेली माणसंही येऊन बसायची. मामाने हातात कात्री घेतली की तोंड सुरू व्हायचं, ते दुकानाला कुलूप लागेपर्यंत. कुणाचं छत गळतंय, कुणाच्या मुलीने कुठलं कॉलेज घेतलं, कोणता डॉक्टर उगाच सुया टोचतो, सगळ्या बातम्या त्याच्याकडे. आई त्याची मोठी बहीण. ती म्हणायची, "याच्या तोंडाला बूच नाही." त्यावर मामाचं उत्तर ठरलेलं असायचं. "ताई, माणूस आपली मान माझ्या हातात देतो. मी गप्प बसलो तर घाबरेल ना तो."

त्याने लग्न केलं नाही. बाबा गेल्यापासून आई आणि मी दोघीच होतो, म्हणून तो आमच्याच मागच्या खोलीत राहायचा आणि घरीही तसाच बोलायचा. माझी परीक्षा असली की आई त्याला दम द्यायची, मग तो खुणांनी बोलायचा, आणि त्या खुणा बघून मला जास्तच हसू यायचं.

मी नववीत असताना ती गोष्ट घडली. सलूनशेजारी टायरचं दुकान होतं. टायरवाला जुने टायर मामाच्या पायरीवर रचून ठेवायचा आणि मामा रोज ते उचलून बाजूला करायचा. वर्षभर हे असंच चाललं होतं, हसतखेळत. एका सकाळी दोघांचंही डोकं फिरलेलं होतं. शब्दाने शब्द वाढला, टायरवाल्याने मामाची कॉलर धरली, मामाने त्याला ढकललं. टायरवाल्याचं डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. मामानेच त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, आणि तिसऱ्या दिवशी टायरवाला गेला. मारायचं मनात नव्हतं हे कोर्टानेही मानलं, पण माणूस गेला होता. सात वर्षांची शिक्षा झाली. आई कोर्टाच्या आवारात रडायला लागली, तेव्हा मामा म्हणाला, "रडू नकोस ताई. त्याची बायको बघ तिकडे उभी आहे. तिच्यासमोर आपण रडायचं नाही."

तुरुंगात पहिलं दीड वर्ष त्याचं बरं चाललं, असं म्हणायला हरकत नाही. तिथेही त्याला केस कापायचंच काम मिळालं. महिन्यातून एकदा आम्ही भेटायला जायचो. जाळीपलीकडून तो आम्हाला आतल्या गमती सांगायचा. एकाला टक्कल होतं, तरी तो दर पंधरा दिवसांनी रांगेत उभा राहायचा. एकजण दाढी करताना डोळे मिटून चक्क घोरायचा. हा घोरणारा तुरुंगातल्या भाजीच्या वाफ्यांवर काम करायचा, बाहेरही माळीच होता. मामाची त्याच्याशी गट्टी जमली होती. "एवढा बिनघोर माणूस मी पाहिला नाही," मामा म्हणायचा. "मी वस्तरा गळ्यावर ठेवतो आणि हा घोरतो."

मग एका महिन्यात आम्ही गेलो तर फाटकावरच्या शिपायाने वही बघून सांगितलं, "भेट बंद आहे."

"का? आजारी आहे का तो?" आईने विचारलं.

"भेट बंद आहे," तो म्हणाला.

असे तेरा महिने हेच उत्तर मिळालं. आई दर वेळी साबण, टॉवेल, माझं पत्र घेऊन जायची आणि सगळं तसंच परत आणायची. बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसायची. एकदा म्हणाली, "माझ्यावर रागावला असेल का गं?" चौदाव्या महिन्यात भेट पुन्हा सुरू झाली. जाळीपलीकडे जो माणूस येऊन उभा राहिला त्याला मी ओळखलं ते फक्त कानांवरून. तो भिंतीला पाठ लावून उभा होता. आईने विचारलं, कसा आहेस. उत्तर यायला इतका वेळ लागला की आईने प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा तो म्हणाला, "हो." कशाला हो, ते कळलं नाही. त्यानंतर सुटेपर्यंत प्रत्येक भेट अशीच झाली.

तो सुटला तेव्हा मी औषधांच्या दुकानात कामाला लागले होते. रजा घेऊन आम्ही दोघी त्याला आणायला गेलो. फाटकाबाहेर आल्यावर आई त्याला मिठी मारायला पुढे झाली आणि तो असा मागे सरकला, जणू तिच्या हातात निखारा होता. आईने हात खाली घेतले. "चल," ती म्हणाली, "भूक लागली असेल."

घरी पोचलो. आईने कुलूप काढलं. आई पुढे स्वयंपाकघरात गेली, मी चपला काढल्या, आणि मागे वळून पाहिलं तर मामा नव्हता. दार वाऱ्याने पुन्हा मिटलं होतं. मी उघडलं तर तो उंबऱ्याबाहेरच उभा, मग आत आला. मला वाटलं, संकोच असेल. पण दुसऱ्या दिवशी तो न्हाणीघरात गेला आणि तासाभराने आईला शंका आली. तिने दार ढकललं, तर आतून कडीसुद्धा लावलेली नव्हती. अंघोळ करून, कपडे घालून तो दारासमोर नुसता उभा होता. कुणीतरी उघडेल म्हणून.

आईने त्याला पुढची मोठी खोली दिली होती. रस्त्यावरचं दिसतं, करमेल, म्हणून. त्याने आपलं अंथरूण उचललं आणि मागच्या खोलीतही नाही, तर तिला लागून असलेल्या, आम्ही ट्रंका ठेवायचो त्या बोळकांडीत नेऊन टाकलं. ताट वाढलं की तो ते उचलून तिकडे न्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचा. दिवा त्याला दिवसासुद्धा चालू हवा असायचा. मोठ्या खोलीत आला तरी साडेचार पावलं चालून गर्रकन वळायचा, पुढे अख्खी खोली मोकळी असली तरी. रस्त्यावर त्याला घेऊन जाणं म्हणजे जीव मुठीत धरणं. लांबचं त्याला नीट दिसेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्यांत दोष नाही, वर्षानुवर्षं चार भिंतींपलीकडे काही पाहिलंच नसेल तर नजर लांब टाकायची सवय जाते. बस एकदम अंगावर आल्यासारखी वाटून तो माझा हात धरायचा, आणि हात धरला हे लक्षात आलं की सोडायचा.

सर्वांत अवघड होतं ते त्याचं गप्प राहणं. आई आपल्या परीने किल्ला लढवत होती. त्याच्या वाटचंही तीच बोलायची. भाजी निवडताना, इस्त्री करताना, तिचा पट्टा चालू. तो ऐकायचा की नाही कळायचं नाही. त्याच्याकडे बघून काही विचारलं की त्याची नजर खाली जायची, ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. एकदा मी सरळ म्हटलं, "मामा, ओठ हलतात तुझे, पण ऐकू येत नाही." त्याने दचकून माझ्याकडे पाहिलं. "मोठ्याने नाही बोललो?" त्याने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. आपण मनात बोलतोय की तोंडाने, यातली सीमारेषाच त्याच्याकडून पुसली गेली होती.

सात-आठ महिने असे गेले. एका रविवारी दुपारी आई बाजारात गेली होती. मी आरशासमोर स्वतःच्याच केसांची टोकं कापत होते आणि वाकडी कापत होते. मामा दारातून बघत होता. मी म्हटलं, "तू काप ना. माझं ध्यान होतंय नुसतं."

तो बराच वेळ उभा राहिला. मग आत आला. माझं स्टूल त्याने आरशापासून उलट फिरवलं, म्हणजे माझी पाठ त्याच्याकडे आणि तोंड स्वयंपाकघराच्या भिंतीकडे. त्याने कंगवा घातला. पहिल्यांदा त्याची बोटं माझ्या मानेला लागली तेव्हा त्याने ती उचलली, थांबला, पुन्हा टेकवली. बोटं बर्फासारखी गार होती. कात्री चालू झाली. आणि पाच-सहा मिनिटांनी, माझ्या मागून, सलूनमध्ये बोलायचा त्याच आवाजात, फक्त फार हळू, मामा बोलायला लागला.

तेव्हा मला उमगलं. आयुष्यभर तो माणसांच्या पाठीशीच बोलत आला होता. आता समोरून कुणी डोळे रोखले की त्याची वाचा जायची. त्यानंतर पाच रविवार मी केस कापून घेतले. पाचव्या रविवारी कापायला काही उरलं नव्हतं, तो नुसता कंगवा फिरवत होता. त्याने जे सांगितलं ते मी इथे नीट लावून सांगतेय. त्याने ते असं सलग सांगितलं नव्हतं.

बराकीत मारामारी झाली होती आणि एका कैद्याचा गाल कशाने तरी फाटला होता. त्याच संध्याकाळी मामाच्या पेटीतले वस्तरे मोजले तर एक कमी. पेटीच्या चाव्या त्याच्याकडे नसायच्या, पण सकाळ-संध्याकाळ वस्तरे मोजून देणं त्याचं काम. तुरुंगाच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "कुणाला दिलास?" मामा म्हणाला, कुणालाच नाही, कुणी उचलला मला माहीत नाही. ते खरं होतं. त्याला खरोखर माहीत नव्हतं. साहेबांना वाटलं, हा कुणाला तरी पाठीशी घालतोय. "आठवलं की सांग," ते म्हणाले, आणि मामाला वेगळ्या कोठडीत टाकलं.

लांबी साडेचार पावलं. रुंदी, हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं लागायची. वर एक दिवा, तो कधी मालवायचा नाही. दाराला खाली एक झडप, तिच्यातून ताट आत यायचं. दिवसातून अर्धा तास चार उंच भिंतींच्या चौकात एकट्याने फिरायचं, आणि नेणाऱ्या शिपायाला बोलायची मनाई.

"सुरुवातीला मला काही वाटलं नाही," मामा म्हणाला. "मी दुकान उघडायचो."

"म्हणजे?"

"मनातल्या मनात. सकाळी शटर वर करायचं, फरशी पुसायची, मग एकेक गिऱ्हाईक बसवायचं. पोस्टमास्तर, शाळेचे सर, तो खानावळवाला. सगळ्यांचे केस कापायचे, गप्पा मारायच्या. दिवसाला दहा-बारा तरी व्हायचे."

दोन-तीन महिने दुकान छान चाललं. मग चेहरे जायला लागले. आधी पोस्टमास्तरांचं नाक गेलं. काही केल्या आठवेना. मग एकेकाचे डोळे, हनुवट्या. शेवटी खुर्चीवर नुसत्या माना उरल्या. प्रत्येक मान त्याला ओळखू यायची, चामखीळ, भोवरा, केसांची रेघ, पण खुर्ची फिरवली की पुढे काही नसायचं. तेव्हा तो घाबरला आणि त्याने दुकान बंद केलं. पण कात्रीचा आवाज बंद होईना. तो कानात चालूच राहिला, दिवसरात्र. आईचा चेहरा कधी गेला ते त्याला कळलंही नाही. हे सांगताना त्याचा कंगवा थांबला होता.

"तिला सांगू नकोस," तो म्हणाला.

मग तो ताटाबद्दल बोलला. झडपेतून ताट सरकवणारा हात फक्त मनगटापर्यंत दिसायचा. नखांवरून तो शिपाई ओळखायला लागला. एका नखाखाली काळा डाग असलेला, एक पानासारख्या रुंद नखांचा. रिकामं ताट परत देताना एकदा त्याच्याकडून ते पटकन सुटलं नाही, आणि पलीकडच्या हाताने ओढलं. तो हिसका त्याला इतका बरा वाटला की पुढे तो रोज ताट क्षणभर धरून ठेवायचा. पलीकडून कुणीतरी ओढायचं. "दिवसभरात तेवढंच," मामा म्हणाला. "कुणीतरी आहे, एवढं कळायचं." मग एका शिपायाने तक्रार केली असावी, कारण ताटाऐवजी कागदी द्रोण यायला लागले, जे परत द्यावे लागत नाहीत.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोठे साहेब यायचे. दारावरची छोटी खिडकी उघडून विचारायचे, "नाव सांगतोस?" मामा म्हणायचा, "साहेब, मला माहीत नाही." खिडकी बंद. पहिले काही महिने मामाला त्या प्रश्नाचा संताप यायचा. मग त्याच्या लक्षात आलं की आपण त्या सोमवारची वाट बघतोय. आठ-आठ दिवस आधीपासून तो उत्तराची तयारी करायला लागला. "मला माहीत नाही" हेच, पण कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, आधी नमस्कार करायचा का, साहेबांना ऐकायला बरं वाटेल असं काय जोडता येईल. त्याने ते हजार वेळा म्हणून बघितलं. बाराव्या महिन्यात साहेब आलेच नाहीत. रजेवर असतील, बदलीच्या धावपळीत असतील. मामाला वाटलं, आपण विसरले गेलो. तो महिना त्याला आठवत नाही. त्यातलं काहीच आठवत नाही. एवढंच कळलं की महिन्याच्या शेवटी त्याच्या कपाळावर खोक होती आणि भिंतीवर त्याच उंचीला डाग होता.

तेराव्या महिन्यात खिडकी उघडली. "नाव सांगतोस?"

आणि मामाने नाव सांगितलं. माळ्याचं.

वळून बघू नये एवढं भान मला होतं.

"त्यानेच घेतला होता का वस्तरा?" मी विचारलं.

"नाही गं. त्याने कशाला घ्यावा."

"मग तुला बाहेर यायचं होतं म्हणून..."

"बाहेर यायचं माझ्या डोक्यातही नव्हतं," मामा म्हणाला. "मला वाटलं, नाव दिलं की ते आणखी दोन प्रश्न विचारतील. कधी दिला, का दिला. थोडा वेळ थांबतील."

"पण माळ्याचंच का? तुझा मित्र होता ना तो."

त्याने दोनदा कंगवा फिरवला. मग म्हणाला, "सगळ्यांचे चेहरे गेले होते. त्याचा एकट्याचा राहिला होता. पुरा. घोरताना तोंड उघडं असायचं ना त्याचं, तसा."

साहेबांनी चार प्रश्न विचारले. दुसऱ्या दिवशी मामाला साठ माणसांच्या बराकीत परत आणलं. तिथला आवाज, वास, अंगाला अंग लागणं त्याला सोसेना. आठवड्याभरात त्याने स्वतः अर्ज केला की मला पुन्हा कोठडीत ठेवा. अर्ज नामंजूर झाला. त्याच्या जागी माळी गेला होता.

पाचव्या रविवारनंतर तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मलाही त्याच्याशी कसं वागावं कळत नव्हतं, खोटं कशाला बोलू. त्याची दया यायची आणि त्याचा रागही यायचा. आईला मी काही सांगितलं नाही. पण माळ्याचं काय झालं हा प्रश्न माझं डोकं खात राहिला. सुटलेल्या कैद्यांना कामधंदा शोधून देणारी एक संस्था होती. तिथल्या बाईंना मी भेटले. त्यांनी आधी माळ्याला विचारलं, आणि तो हो म्हणाल्यावर पंधरा दिवसांनी मला पत्ता दिला.

मामाला सांगितलं, तर त्याने फक्त विचारलं, "कधी जायचं?"

बसने दोन तास. गावाबाहेर एक रोपवाटिका होती. हिरव्या जाळीखाली कुंड्यांच्या रांगा आणि मध्ये ओली पायवाट. एक बुटका, पांढऱ्या मिशांचा माणूस पिशव्यांत माती भरत होता. त्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"ये," तो म्हणाला. "वाटेत पाइप आहे, अडखळशील."

मामा त्याच्यापासून चार हातांवर उभा राहिला. त्याचे ओठ हलायला लागले, पण आवाज नव्हता. मी म्हणणार होते, मामा, ऐकू येत नाहीये. पण माळ्यानेच हात वर करून मला थांबवलं. तो मामाकडे पाठ करून बसला आणि माती भरू लागला. त्याला कसं सुचलं कोण जाणे.

"मी तुझं नाव दिलं," मामा म्हणाला.

"माहीत आहे."

"तू काही केलं नव्हतंस."

"तेही माहीत आहे मला." माळ्याने एक पिशवी भरून बाजूला ठेवली. "तू किती दिवस काढलेस आत?"

"तेरा महिने."

"मी एकोणीस दिवस," माळी म्हणाला. "विसाव्या दिवशी, सोमवारची वाट न बघता, मीही एक नाव दिलं. शिंप्याचं. तुरुंगाचे कपडे शिवायचा तो. माझ्याशी कधी वाकडं बोलला नव्हता."

कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

"तुला माफ करायला मी काय देव लागून गेलो," माळी म्हणाला. "आणि खरं सांगू, ते मला करवतही नाही. मला आता झोप येत नाही. बसल्या जागी घोरायचो मी. पण तू आलास ते बरं केलंस. शिंप्याकडे जायचं धाडस मला झालेलं नाही."

"त्याने कुणाचं नाव दिलं?" मामाने विचारलं.

"कुणाचंच नाही." माळ्याने हात झटकले. "दोन वर्षं होता. शिक्षा संपेपर्यंत. तो बोललाच नाही."

मामा खाली बसला. समोर मातीचा ढीग होता. त्याने एक पिशवी घेतली आणि भरायला लागला. माळ्याने त्याला एकदा दाखवलं, किती दाबायची ते. पुढचे दोन तास दोघे पिशव्या भरत होते आणि मी जाळीखाली बसून होते. निघताना माळ्याने मला विचारलं, "आता काय करतो हा?" मी म्हटलं, काही नाही, घरी असतो. "त्याला काम दे," तो म्हणाला. "घरात ठेवू नकोस."

त्याचं ऐकून मी आमच्या औषधांच्या दुकानाजवळच्या दवाखान्यात शब्द टाकला. तिथे महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेले रुग्ण असतात, त्यांचे केस कापायला कुणी मिळत नाही. आता मामा आठवड्यातून तीन दिवस तिथे जातो. एका वेळी एकच माणूस, खोलीत तिसरं कुणी नको, ही त्याची अट. परिचारिका सांगतात, बोलत फारसा नाही, पण हात हलका आहे. तिथल्या साठ माणसांच्या मोठ्या वॉर्डात त्याने पाय ठेवलेला नाही आणि ठेवेल असं वाटत नाही. अंथरूण अजून बोळकांडीतच आहे. आईने तिथल्या ट्रंका काढून टाकल्या, एवढाच बदल.

शिंप्याचा पत्ता मिळायला वर्ष गेलं. तो त्याच्या वहिनीच्या घरी, माडीवरच्या खोलीत राहतो. वहिनी दारातच म्हणाल्या, "भेटेल असं धरून येऊ नका. चार वर्षं झाली, तो खाली उतरलेला नाही. मी डबा बाहेर ठेवते. मी गेले की घेतो. आमचे हे त्याचे सख्खे भाऊ, त्यांनासुद्धा दार उघडत नाही."

"आम्ही बाहेरच बसू," मामा म्हणाला.

तो जिन्याच्या वरच्या पायरीवर, दाराकडे पाठ करून बसला. मी खाली चार पायऱ्या. त्याने आधी आपलं नाव सांगितलं. मग म्हणाला, "वस्तरा माझ्याकडून हरवला होता. तिथून हे सगळं सुरू झालं." आणि त्याने सगळं सांगितलं. टायर, पेटी, दुकान, माना, सोमवार, माळी, एकोणीस दिवस. पाऊण तास तरी तो बोलला असेल. मला त्याने पाच रविवारांत सांगितलं नव्हतं तेही त्यात होतं. आतून काही आलं नाही. खोकलासुद्धा नाही. शेवटी मामा म्हणाला, "उत्तर नको. मी पुढच्या मंगळवारी येतो."

तेव्हापासून तो मंगळवारी जातो. मी आता बरोबर नसते, माळी कधीकधी असतो. पण माळी जिना चढत नाही, खाली वहिनींच्या कुंड्यांची माती उकरत बसतो. काय बोलतोस रे दर वेळी, असं आईने विचारलं, तर म्हणाला, काही नाही, दवाखान्यात कोण आलं, कोण गेलं, ते सांगतो. मागच्या मंगळवारी तो परत आला तेव्हा मी विचारलं, आज काही? चपला काढता काढता तो म्हणाला की आज दाराच्या अगदी पलीकडे कुणीतरी खुर्ची आणून ठेवल्यासारखा आवाज आला. खुर्चीच असेल असं नाही, तो म्हणाला. ट्रंकही असू शकते. आणि हात धुवायला गेला.